मूर्ती घडवलेली, तलाव बांधलेला, मग नैसर्गिक काय?

गणेशोत्सवात ठाण्याच्या तलावपाळीवर दोन शब्द शेजारीशेजारी नांदतात. काठावर महापालिकेचा ‘कृत्रिम तलाव’ आणि त्याच्या पलीकडे ज्याला वाचवायचं आहे तो ‘नैसर्गिक’ मासुंदा. या नैसर्गिक तलावाचा काठ बांधीव आहे, त्याला कठडे आहेत, पाण्यात होड्या फिरतात आणि त्याचा आजचा आकार माणसाने ठरवला आहे. येऊरच्या डोंगरापलीकडचे विहार आणि तुळशी हे तलाव तर सरळ धरणं आहेत. विहार १८६० मध्ये पूर्ण झालं, तुळशी १८७९ मध्ये, आणि दोन्ही मुंबईला पाणी पुरवायला. आज त्यांत मगरी आहेत, भोवती राष्ट्रीय उद्यान आहे आणि त्यांना कृत्रिम म्हणायला कोणाचीही जीभ रेटत नाही.

धर्म नैसर्गिक की मानवनिर्मित, हा वाद याच दोन शब्दांशी येऊन अडतो. एक बाजू म्हणते, धर्म माणसाने रचला, म्हणून तो खोटा, सोडून द्यावा. दुसरी म्हणते, धर्म माणसाच्या रक्तातच आहे, म्हणून त्याला हात लावू नये. दोघांनाही वाटतं की ‘नैसर्गिक’ शब्द जिंकला की वाद जिंकला. मला हा शब्दच मोजपट्टी म्हणून निकामी वाटतो. का, ते तात्त्विक चर्चेपेक्षा घरच्या विसर्जनाच्या बादलीतल्या मूर्तीवरून लवकर कळतं, म्हणून बराचसा मजकूर त्या बादलीबद्दल आहे.

आधी तत्त्वाचा भाग थोडक्यात. ‘नैसर्गिक’ म्हणजे निसर्गनियमांनुसार घडणारं ते सगळं, असं धरलं तर थर्माकोलही नैसर्गिक, कारण तो काही भौतिकशास्त्राला फसवून तयार होत नाही. ‘नैसर्गिक’ म्हणजे माणसाचा हात न लागलेलं, असं धरलं तर ठाणे जिल्ह्यात भातखाचरसुद्धा नैसर्गिक उरत नाही. पहिल्या व्याख्येत काहीच वगळता येत नाही, दुसरीत माणूस आपोआप निसर्गाबाहेर जातो. वाळवीने बांधलेलं वारूळ निसर्ग आणि माणसाने बांधलेला चौथरा निसर्गाबाहेर, हा भेद बांधणारा कोण एवढ्यावरच उभा आहे. नागपंचमीला आपण त्या वारुळाला हळदकुंकू वाहतो, तेव्हा दोन्ही बांधकामं एकाच चित्रात येतात.

धर्मापुरता एक भेद मात्र कामाचा आहे. लहान मूल भाषा शिकतं ते व्याकरणाच्या तासाशिवाय. ती क्षमता जन्मजात आहे. पण ते मराठी बोलतं ते घरात मराठी ऐकू येते म्हणून. धर्माचंही तसंच. अंधारात पान हललं की ‘कोण आहे?’ असं वाटणं, मेलेला माणूस कुठेतरी असेल असं वाटणं, दगडाच्या आकारात चेहरा दिसणं, हे शिकवावं लागत नाही. धर्माकडे मानसशास्त्राच्या अंगाने पाहणारे अनेक अभ्यासक याला मनाच्या नेहमीच्या कामकाजाचाच भाग मानतात. याउलट षोडशोपचार, एकवीस पत्री, दीड दिवस की दहा दिवस, हे शिकावं लागतं आणि ते बदलतं. सार्वजनिक गणेशोत्सवाचा टिळकांनी १८९३ पासून केलेला प्रसार तर तारखेसकट नोंदलेला आहे. तेव्हा ‘धर्म नैसर्गिक आहे का’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही. वळण नैसर्गिक, विधी घडवलेले.

येऊरच्या वारली पाड्यांवर आणि एकूणच वारली मुलखात वाघोबाला, म्हणजे वाघ-बिबट्याच्या रूपातल्या देवाला, मानतात. वाघबारशीला, म्हणजे दिवाळीच्या तोंडावर, त्याची पूजा होते. बिबट्याची भीती नैसर्गिक आहे. वाघोबाचं ठाणं माणसाने मांडलेलं आहे. आणि त्या ठाण्यामुळे माणसाचं बिबट्याशी वागणं बदलतं, म्हणजे घडवलेली गोष्ट जंगलाच्या हिशेबात शिरते. इथे रेघ कुठे ओढायची? मला वाटतं, ओढूच नये.

आता मूर्ती. पीओपी, म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिस, ‘कृत्रिम’ आणि शाडू ‘नैसर्गिक’, ही वाटणी शाळेच्या प्रकल्पवहीपासून महापालिकेच्या फलकापर्यंत सगळीकडे आहे. पीओपी म्हणजे जिप्सम हे खनिज साधारण १५० अंश सेल्सिअसला तापवून त्यातलं तीनचतुर्थांश पाणी उडवलेली पूड. साच्यात ओतताना पाणी घातलं की ती उडवलेलं पाणी परत घेते आणि पुन्हा जिप्सम होते. म्हणजे घरी आलेली पीओपीची मूर्ती रासायनिकदृष्ट्या खाणीतल्या दगडासारखीच असते. याउलट मातीची मूर्ती भट्टीत भाजली, तर सुमारे ६०० अंशांपुढे मातीच्या कणांच्या रचनेतलं पाणी निघून जातं आणि ते परत येत नाही. भाजलेली मूर्ती शंभर वर्षं तळाशी पडली तरी खापरच राहते. ‘नैसर्गिक’ मातीची मूर्ती परत जात नाही आणि ‘कृत्रिम’ पीओपी परत जिप्सम झालेली असते. वाटणी इथेच कोलमडते.

मग पीओपीला विरोध का? कारण वेग. जिप्सम पाण्यात विरघळतं, पण लिटरला जेमतेम दोन ते अडीच ग्रॅम. वीस लिटरच्या बादलीत पन्नास ग्रॅम गेलं की पाणी संपृक्त, पुढे काही विरघळत नाही. पाच किलोची मूर्ती तिथेच बसून राहते आणि लोक म्हणतात, ‘हे विरघळतच नाही.’ विरघळतं, पण त्या पाच किलोंना किमान दोन हजार लिटर पाणी लागेल, तेही हलतं, आणि रंगाचा थर मध्ये आला नाही तर. तलावात पाणी भरपूर असतं, तरी एकावर एक मूर्तींचा ढीग तळाशी बसला की आतल्या मूर्तीला पाणी लागत नाही.

विरघळलेल्या भागाचं काय होतं, ते पाणी कुठलं यावर ठरतं. तलावाच्या तळाच्या गाळात प्राणवायू नसतो. तिथले जिवाणू सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड बनवतात, सडक्या अंड्याचा वास येतो तो त्याचा. खाडीत गोष्ट वेगळी. समुद्राच्या पाण्यात मुळातच लिटरला अडीच ग्रॅमहून जास्त सल्फेट असतं, त्यामुळे पारसिक रेतीबंदरला पीओपीतून गेलेलं सल्फेट हा मोठा प्रश्न नाही. तिथला प्रश्न न विरघळलेले तुकडे, रंग, आणि भरतीबरोबर खारफुटीत जाऊन अडकणारे हातपाय, हा आहे. ‘खाडीत काय, सगळं वाहून जातं’ म्हणणाऱ्याने ओहोटीला गायमुखच्या बाजूला एकदा डोकावावं.

रंगात तर ‘नैसर्गिक’ शब्द सरळ धोक्याचा आहे. हिंगूळ हे खनिज आहे, अस्सल नैसर्गिक, आणि ते पाऱ्याचं सल्फाइड आहे. हरताळ हा पिवळा रंग आर्सेनिकचं सल्फाइड, तोही खाणीतून. पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचा तांबडा ऑक्साइड. उलट गेरू, खडू, हळद या गोष्टी बिनधास्त. त्यामुळे विकणाऱ्याने ‘नैसर्गिक रंग’ म्हटलं की पुढचा प्रश्न विचारायचा: कशाचा? घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांच्या, वर नको, असा नियम २०१६ मध्ये झाला आहे, पण सुट्या पुड्यांवर काय लिहिलेलं असतं ते बाजारात जाऊन बघा.

शाडूचीही बाजू झाकू नये. ही माती पाण्यात विरघळत नाही, फुटते. कण सुटे होतात आणि गाळ बनतो. समजा एका तलावात हजार मूर्ती गेल्या, सरासरी सहा किलोच्या, तर एका उत्सवात सहा टन गाळ. बऱ्याच मूर्तिकारांकडे येणारी शाडू माती मुळात गुजरातेतून ट्रकने येते. म्हणजे एका ठिकाणची माती उकरून दुसऱ्या ठिकाणच्या तळ्यात भरायची. ‘माती मातीला मिळाली’ हे म्हणायला छान आहे, फक्त ती कुठली माती होती एवढं लक्षात असू द्यावं. म्हणून शाडूच्या मूर्तीसाठीही बादलीच बरी, आणि खालची माती वाळवून पुढच्या वर्षी मूर्तिकाराला परत देता येते. भाजली नसेल तर ती कितीही वेळा वापरता येते.

बादलीत शाडूची मूर्ती नीट फुटत नाही, याची कारणं ठरलेली आहेत. एक म्हणजे ऑइल पेंट किंवा वार्निश. पाणी आत शिरायला वाटच नसते. अशा मूर्तीची पाटाकडची बाजू बहुधा बिनरंगाची असते, ती खाली चेपून न ठेवता मूर्ती आडवी ठेवावी, म्हणजे पाणी तिथून चढतं. दुसरं कारण लोकांना पटत नाही: मूर्ती ओली असणं. कडक वाळलेली माती पाणी झटक्यात शोषते, आतली हवा बाहेर ढकलली जाते आणि माती ढासळते. दमट माती मात्र गोळा होऊन बसते. श्रावण-भाद्रपदातल्या हवेत मूर्ती दहा दिवसांत पुरती वाळलेली नसेल, किंवा विसर्जनाआधी तिच्यावर बरंच पाणी शिंपडलं असेल, तर वेळ लागणारच. पाणी मूर्तीच्या वर चार बोटं हवं, मूर्ती खालच्या विटेवर टेकवावी म्हणजे तळातूनही पाणी लागेल, आणि हात घालून ढवळू नये. न ढवळता वरचं पाणी दुसऱ्या दिवशी बऱ्यापैकी नितळ होतं, ते झाडांना घालता येतं. तळाला राहिलेली काथ्याची दोरी, चमकीचे मणी आणि रंगाचे पापुद्रे वेगळे काढायचे.

पीओपीची मूर्ती घरात आलीच असेल तर अमोनियम बायकार्बोनेटची पद्धत आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने ती लोकांपर्यंत नेली. यात जिप्समपासून कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडू, खाली बसतं आणि अमोनियम सल्फेट, म्हणजे खत, पाण्यात राहतं. हिशेब असा: दहा किलो मूर्तीला ९.२ किलो अमोनियम बायकार्बोनेट लागतं. म्हणून सोयीसाठी मूर्तीच्या वजनाइतकंच घ्यावं. त्यातून साधारण ५.८ किलो खडू आणि ७.७ किलो अमोनियम सल्फेट तयार होतं. बायकार्बोनेटची ही दहा किलो पूड विरघळायला साध्या तापमानाचं पन्नास लिटर पाणी लागतं. बहुतेक जण इथेच कंजुषी करतात, वीस लिटरमध्ये सगळी पूड ओततात, निम्मी तळाशी बसते आणि मूर्ती अर्धवट राहते.

भांडं प्लास्टिकचं हवं. तांब्यापितळेला अमोनिया खातो, लोखंडाला गंज चढतो. गरम पाणी चालत नाही: चाळिशीच्या आसपास गेलं की पूडच फुटायला लागते आणि डोळ्यांतून पाणी काढणारा वास सुटतो. क्रियेत कार्बन डायऑक्साइड सुटतो, म्हणून झाकण घट्ट लावू नये आणि पिंप बंद खोलीत ठेवू नये. सोसायटीच्या मोकळ्या गच्चीवर, सावलीत ठेवणं उत्तम. सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट म्हणजे मूर्तीवर तयार होणारा खडूचा थर. तो बसला की आतल्या जिप्समला द्रावण लागत नाही. दर दोन-तीन तासांनी लाकडी काठीने ढवळलं आणि थर खरवडला तर दोन-तीन दिवसांत काम होतं. नुसतं ठेवून दिलं तर आठवडाभराने आत गाभा तसाच सापडतो. रंगाचा थर आधी खरवडता आला तर वेळही वाचतो आणि घाणही वेगळी राहते.

जे पाणी उरतं ते पंधरा टक्क्यांच्या आसपासचं खताचं द्रावण असतं. झाडाला सरळ ओतलं तर झाड जळतं. शंभरपट पाणी घालून, पंधरा दिवसांतून एकदा, आणि फक्त शोभेच्या झाडांना. रंगात काय होतं याची खात्री नसताना पालक-मेथी किंवा तुळशीला हे पाणी घालू नये. तळ्यात तर नाहीच, अमोनिया माशांना मारतो.

निर्माल्याच्या बाबतीत ‘नैसर्गिक आहे, तळ्यात टाकलं तर काय बिघडलं’ हे वाक्य नेहमी ऐकू येतं. बिघडतं ते असं. कोरडं वजन एक किलो भरेल इतकी पानंफुलं पूर्ण कुजायला साधारण एक किलो प्राणवायू लागतो. तीस अंशांच्या पाण्यात लिटरला साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. म्हणजे त्या एका किलोसाठी सुमारे १ लाख ३३ हजार लिटर पाण्यातला सगळा प्राणवायू खर्ची पडतो. पाणी वरून हवा घेत राहतं म्हणून एरवी तळी तगतात. पण एका संध्याकाळी टोपल्याच्या टोपल्या ओतल्या की हवेचा वेग पुरत नाही आणि पहाटे मासे वर येतात. यात कृत्रिम असं काहीच नव्हतं, सगळी झेंडू, दूर्वा आणि केळीची पानं.

पत्रींच्या यादीतही एक गंमत आहे. दूर्वा, शमी, बेल, आघाडा, माका, रुई यांच्या रांगेत देवदार येतो, जो हिमालयातला वृक्ष. कोकणपट्टीत भाद्रपदात देवदाराचं पान आणायचं कुठून? ‘आपल्या परिसरातल्या वनस्पतींची ओळख व्हावी म्हणून पूर्वजांनी पत्री ठरवल्या’ असं समाजमाध्यमांवर दरवर्षी फिरतं, त्याला हे एक पान पुरेसं आहे. यादी ग्रंथातून प्रवास करत आली आहे, आपल्या रानातून उगवलेली नाही. आणि त्याच यादीत धोत्रा आणि कण्हेर आहेत. दोन्ही शंभर टक्के नैसर्गिक, दोन्ही विषारी. कण्हेरीची थोडी पानंही गायीबकऱ्यांच्या हृदयावर परिणाम करतात. निर्माल्य गोठ्यात नेऊन देणाऱ्यांनी या दोन पत्री आधी बाजूला काढाव्यात. खतात त्या चालतात, पण खत पुरतं होईपर्यंत जनावरं लांब ठेवायची. खतासाठी दोरा, प्लास्टिक, नारळ काढून निर्माल्य कापायचं, तेवढ्याच मापाचा सुका पाला मिसळायचा, मुठीत दाबल्यावर दोनचार थेंबच पडतील इतकी ओल ठेवायची, आठवड्याला वरखाली करायचं. वास आला तर सुका पाला कमी पडला, एवढाच अर्थ.

नवी मुंबईत हा घोळ आणखी पुढे गेला आहे. भरतीच्या पातळीच्या आसपासच्या जमिनीवर शहर वसवताना सिडकोने धारण तलाव बांधले. पावसाचं पाणी त्यात साठतं, भरतीला झडपा मिटतात, ओहोटीला उघडतात आणि पाणी खाडीत जातं. यंत्रच ते, फक्त पाण्याचं. पण झडपांतून खाडीचा गाळ आणि बिया आत आल्या, खारफुटी रुजली, आणि खारफुटीला कायद्याचं संरक्षण आहे. आता गाळ काढायचा तर खारफुटीला हात लावावा लागतो आणि त्यासाठी न्यायालयाची परवानगी लागते. तलाव कृत्रिम, त्यातलं रान नैसर्गिक, आणि गाळ दोघांचा. ठाणे खाडीतले रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, तेही तसेच. ज्या शेवाळावर ते जगतात त्याला शहराच्या सांडपाण्यातलं नत्र आणि स्फुरद मिळतं, असं पक्षी अभ्यासक सांगत आले आहेत. तरीही २०१५ मध्ये तिथे अभयारण्य झालं आणि २०२२ मध्ये रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, आणि त्यात काही चुकलं नाही.

म्हणून कोणतीही गोष्ट, मूर्ती असो की विधी, मोजायची तर तीन प्रश्न विचारावेत. कशापासून आली, किती वेगाने परत जाते, आणि एका जागी किती जमते. ती कोणी केली, हा चौथा प्रश्न विचारला तरी चालेल, पण त्याने निकाल लागत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये पीओपीवर बंदीची भूमिका घेतली आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये बनवायला मुभा देऊन सहा फुटांपर्यंतच्या मूर्ती कृत्रिम तलावातच विसर्जित करायला सांगितलं. माझ्या मते दुसरी वाट जास्त शहाणपणाची आहे, कारण तिने पदार्थापेक्षा जागेचा आणि प्रमाणाचा विचार केला. सहा फुटांवरच्या मूर्तींना कृत्रिम तलावातून दिलेली सूट मात्र उलट्या टोकाची वाटते, सगळ्यात जास्त वजन तिथेच आहे.

‘पण विधीला हात कसा लावायचा?’ असं विचारणाऱ्यांनी विधीच बघावा. पार्थिव, म्हणजे मातीच्या मूर्तीच्या, पूजेत आधी प्राणप्रतिष्ठा असते, शेवटी उत्तरपूजा असते. आधी माती, मधे देव, नंतर पुन्हा माती. आपण घडवलेल्या वस्तूत देव काही काळासाठी बोलावतो आणि मग निरोप देतो, हे पूजा करणारा दरवर्षी स्वतःच्या तोंडाने म्हणतो. धर्म मानवनिर्मित आहे म्हणणाऱ्याला यात नवं काही सापडणार नाही, आणि त्याने खिजवण्यासारखंही काही नाही. उत्तरपूजा झाल्यावर मूर्ती आडवी ठेवली, खरवडली, पिंपात घातली, तरी त्या विधीच्याच हिशेबाने देव तिथे उरलेला नसतो.

धातूच्या मूर्तीची उत्तरपूजा झाल्यावर अक्षता वाहून ती जागेवरून किंचित हलवतात आणि पुन्हा देवघरात ठेवतात. त्यात पाण्याचा थेंब लागत नाही. प्रत्येक पूजेच्या सुरुवातीला तांदळाच्या राशीवर सुपारी मांडून तिलाच गणपती म्हणतात. पुण्यातल्या कित्येक मंडळांची मोठी मूर्ती कायमची असते, विसर्जन होतं ते पूजेच्या छोट्या मूर्तीचं. ठाण्यातल्या मंडळांना पंधरा फुटी मूर्ती हवीच असेल तर ती फायबरची एकदाच करून दरवर्षी धुऊन-पुसून बसवावी, आणि पूजेला वीतभर शाडूची. फायबर कधीच परत जाणार नाही, पण ते तळ्यातही जाणार नाही. फक्त सांधे जोडणारे बोल्ट स्टेनलेस स्टीलचे घ्या आणि मूर्ती उन्हात न ठेवता ताडपत्रीखाली ठेवा, नाहीतर दोन पावसाळ्यांत रंग भुकटी होऊन हाताला लागतो.